तिघींसाठी मध

मूल जन्मलं की तिसऱ्या रात्री मोइरा येतात, तिघी बहिणी, आणि त्याचं नशीब कपाळी लिहून जातात. त्यांच्यासाठी मध, बदाम, पाव मांडायचा, दार उघडं ठेवायचं आणि कुत्रा बांधायचा, हे एपिरसच्या डोंगरात शेंबडं पोरही सांगेल. गारुफालियाच्या जन्माच्या वेळी म्हणे काहीच मांडलं नव्हतं. चौथीही मुलगीच झाली म्हणून बापाने मधाची बरणी कुलपात टाकली.

झालं, गावाला आयतं निमित्त मिळालं. नवऱ्याने चुलीतल्या लाकडाने मारलं, तर तो उपाशी गेलेल्या मोइरांचा कोप. सासूने ओल्या बाळंतपणात सरपणाला पाठवलं आणि मूल दगावलं, तर त्याचंही खापर मोइरांवरच. करणारे सगळे नामानिराळे! आणि या बाईनेही ते खरं मानून खाली मान घालून जन्म काढला, याची जास्त चीड येते.

आता तिची लेक लेनियो अंगावर वळ घेऊन माहेरी आली होती. तिला परत न्यायला जावई स्तेर्गिओस आणि त्याची आई अंगणात येऊन उभे होते. गारुफालिया स्वतःच खेचरावर लेकीचं गाठोडं बांधत होती. "तुझ्या आईच्याच मोइरा उपाशी गेल्या," ती लेकीला म्हणाली, "तुझं कुठून भलं होणार?"

ओट्यावर तिची म्हातारी आत्या देस्पो बसली होती. "उपाशी कशाने?" ती म्हणाली. "भाऊ झोपल्यावर मीच मांडलं होतं. शेजारणीकडून मध आणून. बदामसुद्धा होते."

गारुफालियाचे हात थांबले. "मग आजवर बोलली का नाहीस?"

"भाऊ होता तोवर त्याची भीती. मग म्हटलं, आता सांगून काय व्हायचंय."

गारुफालियाच्या अंगाची लाही लाही झाली. तिने गाठ सोडली आणि गाठोडं घरात भिरकावलं.

"विहीणबाई, नशिबापुढे कुणाचं चालतं?" जावयाची आई म्हणाली.

"माझ्या मोइरा पोटभर जेवून गेल्या होत्या. तरी मी जन्मभर मार खाल्ला. तेव्हा त्यांचं नाव घेऊ नका. मारणारा हात तुमच्या लेकाचा आहे. त्याला घेऊन चालू लागा."

लेनियो गोंधळून तिथेच उभी होती. गारुफालिया तिच्यावरही खेकसली, "आत जा. आणि मी सांगितलं म्हणून निघाली होतीस ना? पुन्हा माझं असलं काही ऐकू नकोस."