मामीचं भांडं मी घासलं

पुण्याच्या घरी वयाच्या सव्विसाव्या वर्षापर्यंत मी चहाचा कपसुद्धा विसळलेला नव्हता. आईने कधी सांगितलं नाही आणि मला कधी सुचलं नाही. इंग्लंडला नोकरी लागली तेव्हा मात्र तिने विमानतळावर बजावलं, "मामीला कामात मदत कर. नुसता बसून खाऊ नकोस." पुढचा सगळा घोटाळा त्या सल्ल्यातून झाला.

मामी इटालियन. एकोणिसाव्या वर्षी दक्षिणेकडच्या एका डोंगरी गावातून एकटी इंग्लंडला आली, हॉस्पिटलच्या लाँड्रीत चादरी धुवायला लागली आणि तिथेच डॉक्टर असलेल्या माझ्या मामाशी लग्न करून बसली. आमच्या घरात यावरून बरीच वर्षं अबोला होता म्हणे. मग आजी सहा महिने लंडनच्या पिनर भागात त्यांच्याकडे राहून आली आणि अबोला संपला. मामीचं मराठी त्या सहा महिन्यांतलं, थेट आजीकडून उचललेलं. मी पहिल्यांदा दारात उभा राहिलो तेव्हा तिने माझ्या दोन्ही गालांचे मुके घेतले आणि म्हणाली, "किती बारीक रे मेल्या! कम, ईट."

खोली मिळेपर्यंत तीन महिने मी तिच्याकडे राहिलो. स्लाऊ गावातल्या माझ्या ऑफिसात मला कुणी विचारत नव्हतं. मीटिंगमध्ये मी तोंड उघडेपर्यंत विषय बदललेला असायचा. रोज संध्याकाळी मनातल्या मनात राजीनामा लिहायचो आणि रोज सकाळी मामी माझ्यासमोर दूध घातलेली कॉफी ठेवून बसायची. "काल कोण बोललं तुझ्याशी?" ती विचारायची. मी एखादं नाव सांगायचो, बहुतेकदा रिसेप्शनवरच्या बाईचं. "गुड. आज दोन लोक." त्या कॉफीच्या जोरावर मी टिकलो. हे मला आज कळतं. तेव्हा वाटायचं, मी मुळातच जिद्दी आहे.

कॉफी ती एका लहानशा आठकोनी ॲल्युमिनियमच्या भांड्यात करायची. खाली पाणी, मध्ये कॉफीची पूड, गॅसवर ठेवलं की वरच्या भागात कॉफी चढून येते. बाहेरून ठीक, पण आतून काळंकुट्ट. मामी ते नळाखाली नुसतं धरायची आणि पालथं घालायची. एरवी चादरीवरचा डाग शोधून काढणारी बाई याच भांड्याकडे कशी दुर्लक्ष करते, याचं मला मनापासून वाईट वाटायचं.

एका शनिवारी मामा-मामी बाजारात गेले होते. मला आईचा उपदेश आठवला. साबण, तारेची घासणी, मग लिंबू आणि मीठ. दीड तास घासलं. कोपऱ्यांत काडी घालून खरवडलं. आयुष्यात पहिल्यांदाच घासलेलं भांडं असं झळकलं की मी त्याचा फोटो आईला पाठवला.

मामी आली. भांडं हातात घेऊन तिने झाकण उघडलं, खिडकीपाशी नेलं, आत बराच वेळ पाहिलं. म्हणाली, "बाई गं. यात माझं तोंड दिसतंय." मग माझा गाल थोपटला आणि कॉफी केली. जिभेवर पत्रा ठेवल्यासारखी चव होती. मी म्हणालो, "वा, एकदम स्ट्राँग!"

हा किस्सा मी पुढची चार-पाच वर्षं सांगत हिंडलो. गणपतीत, वाढदिवसांना, स्वतःच्या लग्नातसुद्धा. शेवटी एकदा मामी स्वयंपाकघरात गेल्याचं बघून मामाने माझा हात धरला. "आता पुरे. ते तिच्या आईचं भांडं आहे. येताना कपड्यांत गुंडाळून आणलेलं. त्याला दोघींनी कधी साबण लावला नाही. त्या काळ्या थरानेच तर चव येते. त्या दिवशी तू आंघोळीला गेलास, तेव्हा ती गॅरेजमध्ये वॉशिंग मशीन लावून रडली. आवाज येऊ नये म्हणून."

मी माफी मागायची ठरवलं. ऑफिसच्या सवयीने मनात मसुदे केले, सुधारले, पुढे ढकलले. अशी नऊ वर्षं गेली. गेल्या हिवाळ्यात ती हॉस्पिटलात होती तेव्हा एकदाचा धीर करून "मामी, ते भांडं..." एवढंच म्हणालो, तर ती हसली. "तू ने. पण साबण नको हं. ओन्ली पाणी, मेल्या." आठवड्याभरात ती गेली.

भांडं माझ्या स्लाऊच्या फ्लॅटवर आलं. आत मामीने पुन्हा धरवलेला काळा थर होता. मी रोज त्यात कॉफी करायचो, नळाखाली धरायचो, पालथं घालायचो. इतक्या जबाबदारीने मी नोकरीसुद्धा केलेली नाही.

आईला व्हिसा वेळेत मिळाला नाही. मामीला पोचवून तीन आठवडे झाल्यावर ती आली. आई दुःखात बसत नाही, घर घासते. बायको तिला "अहो आई, राहू दे ना" म्हणत होती, मी ऑफिसला पळालो.

संध्याकाळी आलो तर भांडं ओट्यावर लखलखत होतं. आईच्या हातांना लिंबाचा वास होता आणि डोळे सुजले होते. "वहिनीचं ना रे हे? किती काळं होऊ दिलंस! दुपारभर घासत होते. म्हटलं, तिची वस्तू आहे, नीट दिसायला हवी."

माझ्या तोंडाशी जे आलं होतं ते लिहिण्यासारखं नाही. मी भांडं उचललं, झाकण उघडलं. आत काही उरलं नव्हतं. आई माझ्याकडे बघत होती.

"यात माझं तोंड दिसतंय, आई," मी म्हणालो.

मग बाथरूममध्ये जाऊन शॉवर सोडला आणि पोटभर रडून घेतलं. बाहेर आलो आणि कॉफी केली. आई जन्मभर चहावाली, पण वहिनीची म्हणून तिनेही कप पुढे केला. पहिल्या घोटाला तिचं तोंड वाकडं झालं.

"वहिनी अशीच करायची?"

"मी एकदा प्यायलो होतो, ती अगदी अशीच होती."

आईने कप संपवला आणि विसळायला उठली. मी भांडं तेवढं तिच्या हातून काढून घेतलं आणि नळाखाली धरलं.