मामांच्या कुस्त्या धायरीत

माझ्या मामांइतका यंत्रांचा मान राखणारा माणूस अख्ख्या वेल्हे तालुक्यात सापडायचा नाही. पिठाच्या गिरणीशीही ते अहो-जाहो करून बोलत. विहिरीवरची मोटर सुरू झाली नाही, तर तिला बरं नसेल असं समजून सावलीत बसून राहत. एकदा नसरापूरच्या एटीएमच्या पडद्यावर 'धन्यवाद' आलं, तर मामा "त्यात काय एवढं, घरचंच हाय" म्हणाले आणि दार हलकेच ओढून बाहेर आले. रांगेत मागे मीच उभा होतो.

डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते धायरीला लेकीकडे, सुमनकडे राहिले, तेव्हा रिमोटची बटणं दिसत नाहीत म्हणून तिने घरातला टीव्ही त्यांच्या मोबाईलला जोडून दिला. मोबाईलमधल्या बाईला तोंडाने सांगितलं की टीव्ही ऐकायचा. मामांना हे फार पटलं. मार्गासनीला परतल्यावर त्यांनी रिमोट फडताळात टाकला आणि दुपारचं जेवण झालं की खाटेवर बसून अदबीने सांगू लागले, "बाई, कुस्त्या लावा." बाई म्हणायची, लावल्या. समोरचा पडदा काळाच. मामा चक्रावले. बाई खोटं बोलणार नाही यावर त्यांचा ठाम विश्वास, त्यामुळे टीव्हीलाच कमी ऐकू येतं असं ठरलं. ते आवाज वाढवायला सांगत, मग आणखी वाढवायला. मामी गेल्यापासून घरात बोलायला कुणी नव्हतंच. बाईशी बोलणं चांगलंच लांबायचं.

तिकडे धायरीत सुमनच्या सासूबाई दुपारी एकट्या असत. भर दुपारी पडद्यावर उघडेबंब पैलवान आपोआप येऊन दणादण आपटायला लागले, तशा त्या देवघरात जाऊन बसल्या. जावयाने वायरमन आणला, प्लग बदलला, पैलवान आलेच. शेवटी सासूबाईंनी टीव्हीला लिंबू-मिरची बांधली.

एका रविवारी मी मामांकडे जेवायला होतो. मामांनी नेहमीप्रमाणे बाईला सांगितलं, पडदा काळा राहिला, आणि पाठोपाठ सुमनचा मला फोन आला.

"दादा, आमच्याकडं परत कुस्ती लागली रे. हे काय चाललंय, कायच कळंना."

मला मात्र तेव्हा कळलं. मोबाईल अजून धायरीच्याच टीव्हीला जोडलेला होता. मी तो तिथून काढला, मामांच्या टीव्हीला जोडला, आणि पैलवान मार्गासनीत अवतरले. फोनवर सुमनला आणि मग मामांना सगळं समजावून सांगितलं.

"म्हंजी मी हितं बोललेलं लेकीच्या घरात पोचत व्हतं?"

मी म्हटलं, तसंच काहीसं. त्यांनी मान हलवली, पण कुस्तीकडे काही त्यांचं लक्ष दिसेना.

पुढच्या खेपेला गेलो, तर आत टीव्ही चालू आणि मामा बाहेर ओट्यावर. सुमनने फोनवर सांगितलं होतं म्हणे, की सासूबाई आता विचारतात, तुझ्या वडलांचे पैलवान हल्ली येत नाहीत, बरे आहेत ना ते? हे सांगताना मामांना हसू आलं आणि मध्येच थांबलं. मग त्यांनी मोबाईल माझ्यापुढे धरला.

"ते पयल्यावानी करून देतोस का? माझा हितला बंद ऱ्हायला तरी चालंल."

मी मोबाईल घेतला आणि तिकडचा टीव्ही परत जोडून घ्यायला सुमनला फोन लावला.