घोडीला कसलं तोंड

लग्न होऊन मी सांगलीहून रहिमतपूरजवळच्या एका गावात आले आणि वर्षाच्या आत हे पलटणीत भरती होऊन महायुद्धावर गेले. इटली की काय म्हणतात तिकडे आहेत, एवढं रजेवर आलेला गावातला एक शिपाई सांगून गेला. त्यानंतर काहीच कळलं नाही. घरात आम्ही तिघं उरलो. सासऱ्यांना मी मामंजी म्हणायची आणि सासूबाईंना आत्याबाई. मामंजींना म्हणायची ते मनातल्या मनातच, कारण सुनेनं सासऱ्याशी बोलायचं नाही अशी त्या घरची रीत होती. मला काही सांगायचं असलं तर ते आत्याबाईंच्या तोंडून, आणि त्यांचं उत्तरही त्याच वाटेनं यायचं. मधे एक दार असायचं आणि दोन्ही बाजूंना सगळं ऐकू येत असायचं, तरी आत्याबाई आपल्या हेलपाटे घालायच्या. मला या प्रकाराचा मनस्वी संताप यायचा.

एके दिवशी आत्याबाई काळपट लाकडाचा एक लहानसा तुकडा घेऊन आल्या. शिसवाचा होता.

"ह्यो घे. ते म्हणत्यात, एक घोडी करून दे."

"घोडी?"

"व्हय, घोडी. सुतार गेलाय पुन्याला, सरकारी कामावर. ह्यांचा हात कापतोय. तू रांगोळी झ्याक काढतीस, तुजा हात बसंल म्हणत्यात."

उभ्या जन्मात मी लाकडाला हत्यार लावलं नव्हतं. पण अडलं होतं ते दुसरीकडेच. म्हाताऱ्या माणसाला लाकडाची घोडी कशाला हवी? घरात लहान मूल नाही, खेळायला कोण? मी आत्याबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "घोडी म्हंजे घोडी. त्यात आनि काय सांगायचं?"

चुलीपुढे बसून मी बराच विचार केला आणि मला एकदम उजेड पडला. या घरचं कुलदैवत पालीचा खंडोबा. त्याचं वाहन घोडा. लग्नानंतर आम्ही उंब्रजवरून पालीला गेलो होतो, तेव्हा देवळात कुणीकुणी वाहिलेले लहान घोडे मी पाहिले होते. म्हणजे मामंजींनी नवस बोलला होता. लेक धडधाकट परत यावा म्हणून. बोलून दाखवत नव्हते, पण आतून त्यांचाही जीव तुटत होता तर! मला भरून आलं. मग पुन्हा घोळ सुरू झाला, कारण खंडोबाचा घोडा असतो, आणि मामंजींनी तर घोडी सांगितली होती. शेवटी म्हटलं, नवस त्यांचा, देव त्यांचा, आपण सांगितलं ते करावं.

सुताराच्या बायकोकडून मी एक पटाशी आणि लाकडी ठोकणं मागून आणलं. घरात विळा होता, एक गंजकी कानस होती. दुपारी भांडीकुंडी आवरली की मागच्या दारी बसायचं आणि त्या शिसवाशी झटापट करायची. शिसव म्हणजे दगड. पटाशी धरावी एकीकडे, जावी दुसरीकडे. रांगोळीचा हात म्हणे! रांगोळी चुकली तर पुसता येते, इथं उडालेली ढलपी परत कोण चिकटवणार?

अधूनमधून मामंजींच्या सूचना यायच्या. "पाय सारखे पायजेत म्हणत्यात. डगडगली तर कामाची न्हाई." ठीक. "पाठ गुळगुळीत कर, आनि पाठीवर मदोमद एक बारीक खाच ठेव." हेही मला पटलं. देवाच्या बसण्यासाठी जागा नको का? एकदा मी धीर करून विचारायला लावलं की तोंड कुठल्या बाजूला करू. आत्याबाई आत गेल्या आणि तशाच बाहेर आल्या.

"कावलं की माज्यावर. म्हणालं, घोडीला कसलं आलंय तोंड?"

मी हबकलेच. नवसाची घोडी, आणि तिला मुंडकं नाही? तिकडे तोफा-बंदुका चालल्यात आणि इथं घरचा कर्ता माणूस बिनडोक्याचं वाहन देवाला घालतोय? हा कसला नवस, की दुसरंच काही? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बरं, विचारणार कुणाला? गावात तोंड उघडलं तर घरची बेअब्रू. मी ठरवलं, बोलणी खाईन, पण तोंड करणारच. केलंही. मानेचा बाक बरा जमला, कान मात्र शेळीचे झाले.

पोटाखालचं लाकूड काढून चार पाय सुटे करायचे राहिले होते. लाकडाला रेषा असतात आणि त्या आडव्या आल्या की बारीक भाग मोडतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मी पटाशीवर ठोकणं मारलं आणि पुढचा उजवा पाय कट्कन तुटून मातीत पडला.

मी तिथंच बसून राहिले. माझ्या डोळ्यांपुढे घोडी नव्हतीच. यांचा पाय दिसत होता, लांबलचक, धोतरातला, विहिरीच्या पायऱ्या दोन-दोन उतरणारा. मी बाभळीचा डिंक आणला, पाय चिकटवला, सुताने आवळून बांधला आणि तोंडानं सारखं एकच म्हणत होते, खंडोबा, चूक माझी आहे, त्यांच्यावर काढू नको. त्यांना घरी आण.

डिंक वाळला. पाय किंचित तिरका राहिला. मी ताम्हणात भंडारा पसरला, त्यावर घोडी उभी केली आणि डोक्यावरचा पदर सावरत आत्याबाईंच्या हाती दिली. मामंजी सोप्यात बसले होते. मांडीवर त्यांची एकतारी होती. हे गेल्यापासून ती फडक्यात गुंडाळून खुंटीला टांगलेली असायची. आज ती खाली आली होती आणि तिची तार सैल लोंबत होती.

मामंजींनी ताम्हणाकडे पाहिलं. पुन्हा पाहिलं.

"तिला इचार, ह्ये काय हाय?"

मी दाराआडून म्हणाले, "घोडी."

"आगं, एकतारीची घोडी! तारेखाली बसवायची! आदीची मोडलीया न्हवं!"

आत्याबाईंना एवढं हसू फुटलं की त्या खालीच बसल्या. "मिरजंत घरोघरी तंबोरं करत्यात, आनि सांगलीच्या पोरीला घोडी ठावं न्हाई!" पाय सारखे, पाठ गुळगुळीत, पाठीवर खाच. सगळं तारेसाठी होतं. मला मात्र हसू आलं नाही. माझ्या तोंडून निघून गेलं, "मग नवस?"

"कसला नवस?" मामंजींनी थेट मलाच विचारलं. मधे आत्याबाई आहेत, हे ते विसरले.

"त्यांच्यासाठीचा. परत यावेत म्हणून बोललेला."

मामंजींनी एकतारी बाजूला ठेवली. मग खाली बघत म्हणाले, "म्या न्हाई बोललो नवस. धाडस झालं न्हाई. मागितलं आनि देवानं न्हाई म्हटलं, तर मग कुणाकडं जायचं? तवा म्हटलं, मागूच नगं." त्यांनी मान वर केली आणि विचारलं, "तू ह्ये करताना मागितलंस?"

"व्हय." मी पहिल्यांदाच त्यांच्या बोलीत बोलले.

दुसऱ्या दिवशी ते तीच घोडी, शेळीच्या कानांची आणि डिंकाच्या पायाची, उपरण्यात बांधून पालीला गेले आणि देवाच्या पायाशी ठेवून आले. मी गोंधळात पडले ती पडलेच. ज्यांनी सांगितलं त्यांना वाद्याचा तुकडा हवा होता. जिनं केलं तिला वाटलं ती दुसऱ्याचा नवस फेडतेय. मग हा नवस झाला की नाही, आणि झाला तर कुणाचा? देवाला तरी तो कुणाच्या नावावर मांडावा हे कळलं असेल का? आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "तू लय इचार करतीस. भाकरी करपली बघ."

लढाई संपली तरी वाट बघणं संपलं नव्हतं. मग एकदा निरोप आला आणि आम्ही रहिमतपूरच्या स्टेशनात जाऊन उभे राहिलो. गावातली माणसंही आली होती. रीतीप्रमाणे मी सगळ्यांच्या मागे, पदर नाकापर्यंत ओढून. गाडी थांबली आणि हे उतरले. वाळून कोळ झालेले, पण दोन्ही पायांवर उभे.

आत्याबाई पुढे निघाल्या. मामंजींनी त्यांना हातानं मागे धरलं आणि सगळ्या गावादेखत माझ्याकडे वळून म्हणाले, "तू हो म्होरं. तू मागितलायस त्येला. म्या कुटं मागितला हुता?"