मावशी, व्हॅन कुठे पोचली?

शाळेच्या व्हॅनमध्ये मावशी म्हणून बसलं, की किस्से गोळा करावे लागत नाहीत. सीटखालच्या बिस्किटांच्या चुऱ्यासारखे ते साठतच जातात. झाडायला मात्र मीच!

आमची व्हॅन वसईजवळच्या जूचंद्र गावातून निघते. विजयदादा चालवतात, मी मुलं चढवते-उतरवते. दोघांच्याही कमरा गेल्यात.

पहिलीतला आरव सकाळी जागा नसतोच. त्याचे बाबा त्याला खांद्यावर टाकून आणतात, सीटवर ठेवतात आणि बूट माझ्या हातात देतात. एकदा शाळेच्या गेटवर डोळे उघडून त्याने विचारलं, "मावशी, मी आज आंघोळ केली का?"

मी आधी त्याला बूट घातले!

दुपारी नायगावला ट्रॅफिकमध्ये अडकलो, की आयांचे फोन सुरू. "मावशी, व्हॅन कुठे पोचली?" मी म्हणते, "आलोच, पाच मिनिटं." एकदा तिसरीतली रिद्धी मागून ओरडली, "काकी, मावशी रोज हेच सांगते! आम्ही अजून हायवेलाच आहोत!"

तेव्हापासून आया म्हणतात, "जरा रिद्धीला फोन द्या."

गेल्या पावसाळ्यात रस्त्यावर पाणी भरलं आणि व्हॅन बंद पडली. मुलं रडायला लागली. तेवढ्यात गावातले एक शेतकरी काका ट्रॅक्टर घेऊन आले. "पानी जाम हाय, पोरांना ट्रॉलीत द्या!" एकेकाला उचलून दिलं, एकेकाला घरी पोचवलं. घरी जाऊन पाठ टेकली ती उचलवेना.

दुसऱ्या दिवशी व्हॅन बघून सगळ्यांची तोंडं उतरली. "आज ट्रॅक्टर नाही?"

विजयदादांनी त्या दिवशी हॉर्न जरा जास्तच वाजवला!

सगळ्यात शेवटी उतरते सिनियर केजीतली स्वरा. तिची आई वसईला नोकरी करते, कधीकधी तिला उशीर होतो. घरचं कुणी आल्याशिवाय मूल सोडायचं नाही, म्हणून आम्ही बिल्डिंगच्या गेटपाशी थांबतो. एके दिवशी बराच वेळ झाला. मी खिडकीला डोकं टेकून बसले होते.

"मावशी, तुला न्यायला कोण येतं?"

"कुणी नाही गं. मी मोठी आहे ना."

तेवढ्यात स्वराची आई धावत आली. "सॉरी मावशी, रिक्षाच मिळेना!" तिने दार उघडलं, दप्तर घेतलं, हात पुढे केला.

स्वरा जागची हलली नाही. तिने माझी ओढणी घट्ट धरली.

"थांब ना आई. मावशीला न्यायला अजून कुणीच आलं नाही."