सुमित्रासाठी दोन पत्रं

सुमित्रा मसीहवर माझा पहिल्या दिवसापासून विश्वास नव्हता, हे आधीच सांगून टाकते. अमेरिकेतल्या स्टेट कॉलेज नावाच्या गावात ती आमच्या वरच्या मजल्यावर राहायची. जन्म हिंदी मुलखातल्या धमतरीचा, पण नागपूरला अकरा वर्षं नर्स होती, त्यामुळे मराठी अस्खलित. दोन हजार साली नवरा शशिकांत आणि मुलगी अनया यांना घेऊन अमेरिकेत आली. धर्मानं मेनोनाइट, म्हणजे शस्त्र न उचलणारे आणि शपथ न घेणारे ख्रिस्ती. ख्रिस्ती हे आडनावावरून दिसतच होतं, बाकीचं मला फार नंतर कळलं. २००१च्या सप्टेंबरमधल्या हल्ल्यानंतर आम्ही सगळ्या देशी मंडळींनी घाबरून दारांवर अमेरिकेचे झेंडे लावले, तेव्हा हिचं दार तेवढं कोरं होतं. ही आम्हा सगळ्यांना गोत्यात आणणार, असं मी माझ्या नवऱ्याला, राजीवला, म्हटलंही.

मग माझ्या सासूबाई आल्या. सुमित्रा ड्यूटीवरून परतताना त्यांचे सुजलेले पाय शेकून द्यायची. फुकट कोण कुणाचे पाय शेकतं? ही त्यांना बाटवणार, अशी माझी खात्री. मी स्वयंपाकघरातून कान देऊन ऐकायची. दोघी बोलायच्या काय, तर गुडघे आणि संत्रा बर्फी. तरी माझा संशय फिटेना. पोचलेली आहे, म्हटलं.

आमच्या घराच्या भाडेकरारात दोनच नावं होती, पाहुण्यांना महिनाभराची मुभा. सासूबाईंना पाच महिने झालेले. बिल्डिंगच्या मॅनेजरनं विचारलं तर "परवाच आल्या" म्हण, असं मी सुमित्राला बजावलं.

"मी खोटं नाही बोलणार, उत्तराताई."

खरंच नाही बोलली. त्यानं विचारलं, तिनं पाच महिने सांगितलं. आम्हाला पंधरा दिवसांत घर सोडावं लागलं. ते २००४ साल. त्यानंतर मी तिच्याशी बोलणंच टाकलं.

दोन वर्षांनी ती आमच्या नव्या घराच्या दारात उभी. तिची म्हातारी आई धमतरीत एकटी होती आणि नागरिक झाल्याशिवाय आईला इकडे आणता येत नाही. नागरिकत्वाच्या शपथेत (शपथेऐवजी नुसतं वचनही चालतं) वेळ आली तर देशासाठी शस्त्र उचलीन, असं एक वाक्य असतं. तेवढं वगळा, असं हिनं मागितलं होतं. अधिकाऱ्याला संशय आला. तो म्हणाला, चर्चचं पत्र आण, आणि चर्चबाहेरच्या ओळखीच्या माणसाचंही आण.

"म्हणून टाक ना यार ते वाक्य! चाळिशी उलटली तुझी, बंदूक कोण देणारेय तुला?"

"म्हणून टाकता आलं असतं, तर तुमच्या दारात कशाला आली असती?"

राजीव म्हणाला, "आपली ग्रीन कार्डची फाइल पेंडिंग आहे. उगाच कशाला इन्व्हॉल्व्ह होतेस?" मलाही ते पटलं. गावात इतकी माणसं असताना ही माझ्याकडेच का आली, हा प्रश्न होताच. पण पुण्याहून सासूबाईंनी फोनवर मला चांगलंच फैलावर घेतलं, तेव्हा लिहायला बसले.

पत्र झकास उतरलं. दहा वर्षांची ओळख, सख्खी मैत्रीण, साधी मुंगीही मारत नाही. सुमित्रानं उभ्या उभ्या वाचलं आणि परत दिलं.

"सहाच वर्षं झाली, ताई. दोन वर्षं आपण बोलत नाही. आणि मुंग्या मी मारते. स्प्रे आहे घरी."

माझं डोकंच फिरलं. गरज हिला, आणि वर नखरे! "मग लिहू तरी काय?"

"जे झालं ते."

मग रागारागात लिहिलं सगळं. मी हिला खोटं बोलायला सांगितलं, ती बोलली नाही, आमचं घर गेलं. मला ही बाई आवडत नाही. सहा वर्षं मी हिचं एखादं खोटं पकडायला टपले आहे, अजून सापडलेलं नाही. स्वतःची लबाडी सरकारला लिहून दिली आणि खाली सही केली.

दोन महिन्यांनी ती पेढे घेऊन आली. ते वाक्य वगळून तिचं काम झालं होतं, आता आईचे कागद भरायचे होते. तिचा आनंद पाहून मलाही भरून आलं. तिला हात धरून मी आत नेलं.

"तुमचं पत्र अधिकाऱ्यानं दोनदा वाचलं," ती म्हणाली. "मग विचारलं, या बाई तुमच्या मैत्रीण आहेत का?"

"मग? काय सांगितलंस?"

"नाही म्हटलं."

मला फार लागलं. तेवढं एक तरी खोटं बोलायचं होतं तिनं.