वन्संची उलटतपासणी

माझ्या धाकट्या नणंदेचं औषधांचं दुकान आहे, आणि आमच्या भागात तिला कोणी चांगलं म्हणत नाही. मीही नाही. पोटदुखीची साधी गोळी मागा, बाई विचारणार: कोणासाठी? कधीपासून दुखतंय? आणखी काय औषध चालू आहे? दिवस गेलेत का? हे शेवटचं तिने एका टकल्या गृहस्थालाही विचारलं. बायकोसाठी गोळी नेत होता बिचारा. रांग हसली, ही हसली नाही. कोपऱ्यावरचा दुकानदार एका शब्दाने न विचारता पाकीट हातात ठेवतो, गर्दी त्याच्याकडे.

मी कापूस आणायला गेले, तर काउंटरशी आमचे हे. गुडघेदुखीची गोळी मागत होते.

“कोणासाठी?”

“तुझ्या वहिनीसाठी.”

“माझे गुडघे ठणठणीत आहेत,” मी मागून म्हटलं.

रांग खिदळली. ह्यांचे कान लाल.

“दादा, तू रक्त पातळ करायची गोळी घेतोस. तिच्याबरोबर ही चालत नाही, पोटात रक्त सुटतं. एरवी कोपऱ्यावरून नेतोस, आज तो बंद म्हणून इथे आलास ना?”

“कुठूनही नेईन! तुझ्या बापाचं काय जातंय?”

बाप दोघांचा एकच, हे रागात विसरले.

“संडास काळी होते का?”

भर दुकानात! मग ह्यांच्या तोंडाचा पट्टा सुटला. कार्टी काय, दीडशहाणी काय, उभ्या जन्मात तुझी पायरी चढणार नाही काय. सगळं म्हणाले, फक्त ‘नाही’ म्हणाले नाहीत.

ती माझ्याकडे वळली. “वहिनी?”

“डांबरासारखी. परवापासून. हे पाणी नीट टाकत नाहीत, म्हणून मला ठाऊक.”

तिने रांगेला हाकललं, शटर ओढलं आणि भावाचं बखोट धरून गाडीत कोंबलं. वाटभर हे तिला शिव्या देत होते. इस्पितळाच्या दारात थांबले, कारण रक्ताची उलटी झाली. जठराला जखम होती. रक्त चढवावं लागलं.

हे वाचले, घरी आले. बहिणीशी मात्र अबोला. चारचौघांत अब्रू काढली म्हणतात. तीही समजूत काढायला आली नाही. औषधं आता मी आणते. काल खोकल्याचं औषध मागितलं, तर मान वर न करता म्हणते, “कोणासाठी?”

“तुमच्या लाडक्या दादासाठी, वन्सं.”

“बाकी काय काय घेतो?”

तिला सगळं तोंडपाठ आहे. तरी माझ्याकडून वदवून घेतलं. मधली एक गोळी मला आठवेना, तर बाटली परत फळीवर.

“विचारून या,” म्हणाली. “पुढचे कोण?”