दिवसापुरतं लायसन

"आता पुढचं पान," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

त्या पानावरही मला नुसते ठिपके दिसले. लहान-मोठे, दाटीवाटीने बसलेले, सुपात नागली आणि वरई एकत्र सांडावी तसे.

"आकडा सांगा."

"आकडा नाहीये यात," मी म्हणालो.

त्यांनी पान उलटलं. तिथेही आकडा नव्हता. आणखी दोन पानं झाल्यावर त्यांनी पुस्तक मिटलं आणि खुर्ची माझ्याजवळ ओढली. जर्मनीतल्या त्या लहानशा गावात विमानवाल्यांची तपासणी करणाऱ्या त्या एकट्याच डॉक्टर. आवाज अगदी मऊ. "तुम्हाला कोणी सांगितलं नाही का कधी?" त्यांनी विचारलं. "लाल आणि हिरवा रंग तुम्हाला वेगवेगळे दिसत नाहीत."

मी तेव्हा पस्तिशीत होतो. कारखान्यात यंत्रावर काम करत होतो, गाडी चालवत होतो, लग्न झालेलं होतं. इतकी वर्षं मला हे ठाऊकच नव्हतं. आणि तरी त्यांनी ते सांगितल्याबरोबर मला पहिल्यांदा आठवली ती आमच्या घरामागची मिरची.

आमचं गाव जव्हारच्या पुढे, वावर गावाच्या अंगाला. वांगणीजवळचा एक पाडा. भात, नागली, वरई पावसाच्या भरवशावर व्हायची. घरामागे सांडपाण्यावर आय मिरचीची पाच-पन्नास झाडं लावायची. मिरच्या पिकल्या की मला टोपली देऊन पाठवायची. "पिकलेल्याच तोड. हिरव्या राहू दे." मी मन लावून तोडायचो. टोपली बघून ती कपाळाला हात लावायची.

"पिकलेल्या सांगितल्या होत्या ना? ह्या काय हायत?"

"पिकल्यात की."

"डोळे कुठं ठेवलेस रं?"

माझी धाकटी बहीण माझ्यामागून जाऊन लाल मिरच्या पटापट वेचून आणायची. मी कामचुकार आहे, असं घरात ठरून गेलं. पुढे आश्रमशाळेत चित्रकलेच्या तासाला मी झाडाची पानं तपकिरी रंगवली, तेव्हा गुरुजींनी वहीचं ते पान वर करून सगळ्या वर्गाला दाखवलं. पोरं हसली, मीही हसलो. मला वाटलं, झाडाचा आकार चुकला असेल.

विमान शिकायचं माझ्या डोक्यात कसं आलं, ते सांगायला हवं. बा मजुरीला दाभोसा धबधब्याकडे जायचा, तेव्हा एकदा मला बरोबर घेऊन गेला होता. दुपारी भाकरी खायला आम्ही धबधब्याच्या वरच्या कड्यावर बसलो. खाली दरीत घारी फिरत होत्या. घार मी रोज बघायचो, पण ती कायम डोक्यावर. तिचं पोट आणि पंखांची खालची बाजू, एवढीच माझी ओळख. त्या दिवशी मी पहिल्यांदा घारीची पाठ पाहिली. ती आमच्या खाली होती, पंख न हलवता तिरकी होत वळत होती, आणि तिच्या पाठीवर ऊन पडलं होतं. मी भाकरी हातात धरून तसाच बसलो. बा म्हणाला, "खा लवकर, मुकादम बोंबलेल."

नाशिकला यंत्रावर काम शिकून मी जर्मनीला आलो, तेव्हा इथल्या कारखान्यातला एक सहकारी मला त्याच्या विमान क्लबच्या जत्रेला घेऊन गेला. गवताची धावपट्टी, लाकडी बाकं, केक विकणाऱ्या बायका. त्याने मला चार जणांच्या छोट्या विमानात शेजारी बसवून गावावरून एक चक्कर मारली. वळताना विमान तिरकं झालं, खाली नदीचं वळण दिसलं, आणि मला त्या कड्यावरचं ऊन आठवलं. उतरल्या उतरल्या मी विचारलं, "हे शिकायला काय करावं लागतं?"

बरंच काही करावं लागतं. सगळ्या युरोपात नियम एकच. हवामान, कायदा, नकाशा, यंत्र, माणसाचं शरीर असे नऊ विषय, प्रत्येकाची लेखी परीक्षा. गुरूबरोबर ठराविक तास उडायचं, मग काही तास एकट्याने. रेडिओवर बोलायची परीक्षा वेगळी. घरी मी आमच्या पाड्याची बोली बोलायचो, मराठी शाळेत शिकलो, हिंदी भिवंडीच्या वीटभट्टीवर, इंग्रजी नाशिकला, जर्मन इथे. रेडिओची परीक्षा इंग्रजीत होती. परीक्षक शेवटी म्हणाला, "तुझे उच्चार कुठले ते मला कळत नाही, पण शब्द सगळे कळले."

आणि एकट्याने उडण्याआधी लागायचा तो डॉक्टरांचा दाखला. तिथे मी अडकलो.

बाईंनी मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे एका नळीत डोळा लावून दोन रंग जुळवायचे होते. मी जे जुळवलं ते बघून तिथला माणूस नुसता हुं म्हणाला. घरी येऊन मी आयला फोन लावला. विमानाचं तिला सांगितलेलं नव्हतं. ते आधी सांगावं लागलं. मग रंगांचं सांगितलं. पलीकडे चुलीवरचं भांडं उतरवल्याचा आवाज आला.

"आय?"

"हाय मी. माझ्या बाचं पण तसंच होतं," ती म्हणाली.

आयचं माहेर मोखाड्याकडचं. तिचा बाप, माझा आजा, मी फार लहान असताना गेला. आयच्या लग्नात लुगडं आणायला तो एकटाच जव्हारच्या बाजाराला गेला होता. लाल लुगडं आणायचं ठरलं होतं. घरी येऊन त्याने गाठोडं सोडलं, तर आत शेवाळी रंगाचं लुगडं. बायका खो-खो हसल्या. तो मात्र म्हणत राहिला, "लालच हाय ना? लालच दिलंय दुकानदारानं." दुसऱ्या दिवशी तो ते घेऊन पुन्हा जव्हारला गेला. कापडवाले चाचा बाजारातले जुने व्यापारी. त्यांनी त्याला आत बोलावून बसवलं, चहा पाजला आणि विचारलं, "कल तूने खुद उठाया था ना?" तो हो म्हणाला. चाचांनी लाल लुगडं काढून दिलं आणि शेवाळी परत घेतलं. त्यानंतर आजा कधीही दुकानात गेला की चाचा आधी विचारायचे, "किसके लिये?" आणि स्वतःच कापड काढून द्यायचे. दुकानात कोणाला काही कळू दिलं नाही त्यांनी.

"म्हणजे आजाकडून आलंय हे मला," मी म्हणालो.

"मग मी तुला मिरचीवरनं बोलायचे ते…" आय म्हणाली. लगेच पुढे म्हणाली, "जेवलास का?"

मला वाटलं होतं, विमान संपलं. पण डॉक्टरीणबाईंनी बोलावून घेतलं आणि समजावून सांगितलं. डोळ्यांची नजर चांगली आहे, बाकी तब्येत ठणठणीत. हौशी वैमानिकासाठी नियमात एक वाट आहे. दाखला मिळेल, पण एक अट लिहिलेली असेल: फक्त दिवसा. रात्री विमानतळावर आणि विमानांवर जे दिवे असतात त्यांचा अर्थ रंगांत असतो. तिथे मला बंदी. "चालेल?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, आमच्याकडे अंधार पडल्यावर असंही कोणी घराबाहेर पडत नाही.

ते खरंच होतं. पाड्यावर दिवस बुडायच्या आत घरी यायचं, हा एकच कायदा होता. वाट जंगलातली, बिबट्याची भीती आणि जव्हारहून येणारी शेवटची जीप चुकली तर पायपीट. आय दारात उभी राहून हाका मारायची, तिचा आवाज पलीकडच्या टेकडीपर्यंत जायचा.

माझी गुरू पांढऱ्या केसांची, निवृत्त शाळामास्तरीण होती. तिला अटीचं सांगितलं तर ती म्हणाली, "आमच्या गवताच्या पट्टीवर दिवे आहेतच कुठे? तू पट्टीचा आकार बघ. लांबुळकी दिसली तर तू फार उंच आहेस, चपटी दिसली तर खाली आहेस." आकार मला चांगले कळायचे. रंग नसले की माणूस आकारावरच जगतो. एका सकाळी तीन वेळा उतरून झाल्यावर तिने यंत्र चालू असतानाच दार उघडलं. "आता तू एकटा जा," म्हणाली आणि गवतातून चालत निघून गेली.

ती नसल्यामुळे विमान हलकं झालं होतं. एकदम वर उठलं. शेजारची खुर्ची रिकामी होती. मग माझ्या लक्षात आलं की मी मोठ्याने बोलतोय, आणि आमच्या पाड्याच्या बोलीत बोलतोय. बैलाशी बोलावं तसं. हळू, हळू, चल पुढं. उतरलो तेव्हा गुरूने माझ्या शर्टावरून हात फिरवला आणि पाठ थोपटली.

लायसन मिळणं एक, आणि ते टिकवणं दुसरं. लायसनचं पुस्तक आयुष्यभराचं, पण त्यातली उडायची मुभा दोन वर्षांची. दुसऱ्या वर्षात बारा तास उडलेलं असावं लागतं, त्यातला एक तास गुरूबरोबर. त्या तासात गुरू मध्येच हात पुढे करून यंत्राचा जोर काढून घेते आणि विचारते, "बंद पडलं. आता कुठे उतरशील?" मग शेत शोधायचं. शेत शोधताना मी कायम बांध बघतो, आणि ती दर वेळी आठवण करून देते की इथे बांध नसतात, विजेच्या तारा बघ.

एका शरद ऋतूत मी लांबच्या विमानतळावरून एकटा परत येत होतो. अंदाजापेक्षा वारा समोरून जोरात यायला लागला. खाली रस्त्यावरच्या गाड्या माझ्या पुढे जात होत्या. नकाशावर बोट ठेवून मी पुन्हा हिशेब केला. घरच्या पट्टीवर पोचेपर्यंत अंधार पडणार होता. जरा जोर लावला तर कदाचित जमलंही असतं. वाटेत एक छोटी पट्टी होती, अनोळखी. मी रेडिओवर विचारलं आणि तिथे उतरलो. विमानं ठेवायच्या हँगरजवळ एक म्हातारा विमान धूत होता. त्याला सांगितलं की माझं लायसन दिवसापुरतंच आहे. त्याने कॉफी दिली, विमान बांधायला दोऱ्या दिल्या आणि स्टेशनवर सोडलं. आगगाडीच्या खिडकीतून बाहेर अंधार होत गेला. मला घरी उशिरा पोचल्यासारखं वाटत होतं, पण चुकल्यासारखं नाही. सकाळी जाऊन विमान परत आणलं. गुरूला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "बरं केलंस. आता तू वर असलास तरी मी निवांत झोपू शकते."

मग मला मुलगी झाली आणि नातीला बघायला आय आली. बा आला नाही. गुरं कोणावर टाकायची, म्हणाला. पहिले आठ दिवस ती घरातच होती. मग एका रविवारी स्वतःच म्हणाली, "ते तुझं कुठं हाय, दाखव."

अडचण अशी की बाळामुळे मी बरेच दिवस उडलेलो नव्हतो. मागच्या तीन महिन्यांत तीनदा उडून उतरलेलं नसेल तर शेजारी माणूस बसवता येत नाही. म्हणून आधी मी एकटाच गेलो. आय लाकडी बाकावर बसली, लुगड्यावर माझं स्वेटर घालून. तीन वेळा वर गेलो, तीन वेळा उतरलो. तिसऱ्यांदा जरा आपटलो. बंद करून तिच्याकडे गेलो तर ती म्हणाली, "तेच तेच का करत होतास?"

"तुला न्यायचं म्हणून. तसा नियम हाय."

"मग चल."

तिला पट्टा बांधला, पदर खाली नीट खोचला, कानांवर हेडफोन बसवला. वर गेल्यावर तिचा आवाज माझ्या कानात आला. "ऐकू येतंय का रं?"

"सगळं ऐकू येतंय, आय!"

"मग ओरडू नको."

ती खिडकीला नाक लावून बघत होती. गावावरून जाताना मी विचारलं, "ती कौलं कशी दिसतात तुला?"

"लाल. तुला कशी दिसतात?"

"मातीसारखी."

"मातीसारखीच हायत. पण लाल." मग न विचारता ती एकेक सांगायला लागली. ते हिरवं, ते गडद हिरवं, झाडी असेल. तो ट्रॅक्टर लाल. ते शेत पिवळं.

"पिवळं मला दिसतं."

"मग ते सोडते," ती म्हणाली आणि बाकीचं सांगत राहिली. नदी वळते तिथे मी विमान थोडं तिरकं केलं, तिच्या बाजूला. मला वाटलं ती घाबरेल. पाहिलं तर तिने एक हात काचेवर सपाट ठेवला होता, जनावराच्या अंगावर ठेवावा तसा.

आता तिचे गुडघे गेलेत, एवढा प्रवास तिला होत नाही. माझी चाळिशी उलटली, त्यामुळे तपासणी दर दोन वर्षांनी करावी लागते. गुरूने शिकवणं सोडलं; आता एक तरुण मुलगी माझा तास घेते. बायको कधी विचारते, एवढा आटापिटा कशाला, वर्षात चार रविवार तर उडतोस. मी तेव्हा पुढच्या रविवारचं हवामान बघत असतो.

आय गावी परतली त्या आठवड्यात मी बाला फोन केला होता. विचारलं, आय विमानाचं काय सांगते?

"सांगते की. लय मोठं होतं म्हणे, आत जेवण दिलं."

"ते नाय. माझं छोटं."

"ते पण सांगितलं तिनं," बा म्हणाला. "पण ते कोणाला पटंना. माणसं म्हणतात, आपल्या पोराच्या शेजारी बसून कोण उडतंय? मग तिनं सांगायचं सोडलं. आता नुसतं तिकडच्या शेतांचं सांगते, कसली सरळ नांगरलेली हायत म्हणून."

मागून आयचा आवाज आला, "त्याला विचार, थंडी पडली का?"